लॅटिनो लोकांचं घर, धंदा आणि साठवलेला पैसा – जवळून पाहिलेल्यांनी लिहा

ह्यूस्टनकर_बंड्या

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे. पण अमेरिकेत घर असलेल्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध येतो, कारण आपलं छप्पर, आपलं लॉन, आपलं ड्रायवॉल ज्यांच्या हातचं असतं त्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकेतून आलेल्या किंवा तिथलं मूळ असलेल्या) लोकांच्या स्वतःच्या घरांचं काय, हा तो विषय.

२०२४ च्या जुलैत बेरिल वादळ होऊन गेलं तेव्हा आमचं छप्पर करायला आलेला माणूस मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोचा. इथे येऊन वीसेक वर्षं झालेली, आधी दुसऱ्याच्या क्रूमध्ये शिंगल्सचे (छपरावर ठोकायच्या पट्ट्यांचे) गठ्ठे खांद्यावरून शिडी चढवणारा, मग क्रूचा मुकादम, आता स्वतःचा क्रू. या धंद्यात मजुरी 'स्क्वेअर'वर मिळते, म्हणजे शंभर चौरस फुटाला इतके, आणि टेक्सासमध्ये रूफरला राज्याचं लायसन्स लागतच नाही, त्यामुळे अंगात कसब, एक पिकअप आणि ओळखीची चार पोरं असली की झाला धंदा सुरू. पासाडेनाला (कॅलिफोर्नियातलं नव्हे, आमचं रिफायनरीच्या वासाचं) त्याचं घर आहे, गावी आईला घर बांधून दिलंय, दोन ट्रक आहेत, बायको डिसेंबरात तमालेच्या ऑर्डरी घेते, डझनावारी. आणि या माणसाला एकही मोठी बँक धंद्यासाठी उभं करत नाही. कागदावर तो जवळजवळ नाहीच.

परवा आपल्याच एका गेट-टुगेदरला विषय निघाला तर एक गृहस्थ म्हणाले "अहो हे लोक शुक्रवारी कमावतात नि रविवारपर्यंत उडवतात, कसली संपत्ती होणार". मला ते पटलं नाही म्हणून घरी येऊन आकडे बघितले. फेडरल रिझर्व्ह दर ३ वर्षांनी कुटुंबांच्या मालमत्तेचा सर्व्हे करतं, २०२२ च्या सर्व्हेत अगदी मधोमधच्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती गोऱ्यांची २ लाख ८५ हजार डॉलर, लॅटिनोंची ६१,६००, कृष्णवर्णीयांची ४४,९००. पण त्यातच हेही आहे की २०१९ ते २०२२ मध्ये लॅटिनोंचा आकडा महागाई वजा करून सुद्धा ४७ टक्के वाढला, गोऱ्यांचा ३१. उडवणाऱ्या लोकांचा असा वाढतो का? स्वतःचं घर असलेली लॅटिनो कुटुंबं साधारण ४९ टक्के, गोरी ७४ च्या आसपास.

माझा अंदाज असा की पैसा साठत नाही हा प्रॉब्लेमच नाहीये, साठतो तो बँकेला दिसेल अशा जागी नसतो. जाणकारांनी भर घाला, मतभेद असले तर तेही लिहा.

स्पष्टवक्ता_७८

बंड्याभाऊ, मी डॅलसला रेस्टॉरंट चालवतो, किचनमध्ये सगळे हेच लोक, अत्यंत मेहनती, वादच नाही. पण पोरगी १५ वर्षांची झाली की किन्सेआन्येरा नावाचा जो सोहळा करतात तो बघा एकदा. हॉल, मारियाची, लिमो, परीसारखा झगा. माझ्या एका कुकने त्यासाठी माझ्याकडून उचल घेतली, ती फेडायला त्याला वर्ष लागलं. त्या पैशात एखाद्या छोट्या घराच्या डाऊन पेमेंटची सुरुवात झाली नसती का? उगाच सिस्टिमला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

रिकामटेकडी

@स्पष्टवक्ता, पुण्यात बसून वाचतेय आणि हसू येतंय, लग्नासाठी जमीन विकणारे आपण, आपण कुणाला सांगतोय :D

बाकी माझी एक मैत्रीण सॅन अँटोनिओला शाळेत शिकवते, ती सांगत होती की त्या किन्सेआन्येराचा खर्च एकट्या बापावर नसतो, पाद्रिनो असतात, म्हणजे केक एकाचा, चपला दुसऱ्याच्या, हॉल तिसऱ्याचा. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की हा देणार. म्हणजे आहेराचाच प्रकार. त्यामुळे दिसतो तेवढा खर्च एका घरातून जात नसणार.

एक शंका, त्यांच्यात आपल्यासारखी भिशी असते का? बंड्यानं सुरुवातीला बँक उभं करत नाही लिहिलंय म्हणून विचारतेय, कारण आमच्या गल्लीत ज्यांना बँक उभं करत नाही ते सगळे भिशीवर चालतात.

कर्जवाले_काका

मी सॅन अँटोनिओत होम लोनचं काम करतो, बरीच वर्षं झाली, गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त लॅटिनो. त्यामुळे लांबलचक लिहिणार, सांभाळून घ्या.

रिकामटेकडीताई, असते की. मेक्सिकन लोक तांदा म्हणतात, काही ठिकाणी कुंदीना, ग्वाटेमालाचे कुचुबाल, डॉमिनिकन लोक सान. दहा जणी मिळून आठवड्याला दोनशे-दोनशे टाकतात, नंबर चिठ्ठ्या टाकून ठरतात, पहिला नंबर बहुतेक वेळा चालवणारीचा, बाकी दर आठवड्याला एकीला दोन हजार. व्याज नाही, कागद नाही, बुडवलं तर त्या मोहल्ल्यात तोंड दाखवता येत नाही, हीच जामीनकी. टॅको ट्रकचा तवा, कॉम्प्रेसर, पहिला महिना नि डिपॉझिट, सगळं यातून उभं राहतं. ही लोकं बचत करत नाहीत असं म्हणणाऱ्याने एकदा माझ्या टेबलासमोर येऊन बसावं.

आता गंमत ऐका. माझ्याकडे जोडपं येतं, डाऊन पेमेंट तयार, अकाउंटमध्ये गेल्या आठवड्यात आठ हजार रोख भरलेत. मी विचारतो हे कुठून आले? तांदाचे. झालं! लोन पास करणारा अंडररायटर दोन महिन्यांची स्टेटमेंट बघतो, पगाराव्यतिरिक्तची प्रत्येक मोठी भरणा कुठून आली त्याचा कागद मागतो. तांदाचा कागद कुठून आणणार? वहीच्या पानावर दहा नावं नि बरोबरच्या खुणा. मग मी सांगतो, पैसे अकाउंटला ठेवून द्या, दोन-तीन महिने हलवू नका, मग या. तोपर्यंत ते घर दुसऱ्याने घेतलेलं असतं. शिस्तीनं साठवलेला पैसाच संशयास्पद ठरतो, हे मी रोज बघतो.

दुसरा घोळ टॅक्स रिटर्नचा. स्वतःचा धंदा असलेला माणूस वर्षभर रिसिटा जमवतो, टॅक्सवाला त्याला खर्च दाखवून दाखवून उत्पन्न खाली आणून देतो, एप्रिलमध्ये सगळे खूश. ऑगस्टमध्ये तोच माणूस माझ्याकडे येतो तेव्हा मी दोन वर्षांच्या रिटर्नमधलं निव्वळ उत्पन्न बघतो, ऐंशी हजार कमावणारा तिथे अठ्ठावीस हजाराचा दिसतो. (आपल्या गॅस स्टेशनवाल्या मंडळींचं पण हेच होतं, नावं घेत नाही.)

ह्यूस्टनकर_बंड्या

काका जबरदस्त! आयटिनवर घर मिळतं म्हणतात ते कसं तेही सांगा ना, आमच्या रूफरचं घर बहुतेक तसंच आहे.

कर्जवाले_काका

सांगतो. सोशल सिक्युरिटी नंबर ज्याला मिळू शकत नाही त्याला टॅक्स भरायला आयआरएसने (टॅक्स खात्याने) १९९६ मध्ये आयटिन नावाचा नंबर काढला. अमेरिकेत राहण्याचे कागद नसलेला माणूस टॅक्स भरत नाही हा लोकांचा समज आहे, लाखो लोक आयटिनवर भरतात, आणि सोशल सिक्युरिटीचा कुठलाही फायदा न मिळता भरतात. धंदा करायलाही कायद्यानं अडत नाही, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढता येते.

घराचं म्हणाल तर आयटिनवाल्याला कर्ज देऊ नये असा कायदा नाही. पण ही कर्जं फॅनी मे, फ्रेडी मॅक (बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या सरकारी आधाराच्या मोठ्या कंपन्या) सहसा विकत घेत नाहीत. तुमचं-आमचं कर्ज बँक देते आणि लगेच पुढे विकून मोकळी होते, आयटिनवाल्याचं मात्र तिला स्वतःच्या पुस्तकात ठेवावं लागतं, म्हणून ही कर्जं छोट्या बँका नि क्रेडिट युनियन देतात, १५-२० टक्के किंवा त्याच्याही वर डाऊन पेमेंट मागतात, व्याज दोन-तीन टक्के जास्त. क्रेडिट स्कोअर नसेल तर भाड्याच्या पावत्या, विजेचं बिल, फोनचं बिल, असं वर्ष-दोन वर्षांचं बघतात. हप्ते चुकवतात का? माझ्या अनुभवात फार कमी, घर गेलं तर दुसरं मिळणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आणि टेक्सासवाल्यांनो, अजून एक. आपण राहत्या घरावर होमस्टेड एक्झम्प्शन घेतो ना, शाळेच्या टॅक्समध्ये आता १ लाख ४० हजारापर्यंतची किंमत माफ, त्या अर्जाला त्याच पत्त्याचं टेक्सास लायसन्स किंवा स्टेट आयडी जोडावं लागतं. कागद नसलेल्याला टेक्सास लायसन्स देत नाही. म्हणजे तो व्याजही जास्त भरणार आणि शेजारच्या तेवढ्याच घरापेक्षा टॅक्सही जास्त भरणार. हे गेट-टुगेदरवाल्या गृहस्थांना सांगा.

एल_पासोवाला

काकांना अनुमोदन. त्यात एक जुनं दुखणं जोडतो, बँक नाही म्हणाली की माणूस कुठे जातो ते.

आमच्या बॉर्डरच्या बाजूला, एल पासोपासून खाली हिदाल्गो, कॅमेरॉन काउंटीपर्यंत, कोलोनिया म्हणतात अशा दोन हजारांवर वस्त्या आहेत. गावाच्या हद्दीबाहेर, शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले, पाणी नाही, गटार नाही, रस्ता म्हणजे पाऊस पडला की चिखल. आपल्या गुंठेवारीची मोठी बहीण समजा. विक्री 'कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड'वर. दहा टक्के भरा, महिना दीडशे-दोनशेचा हप्ता, पण जमीन शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याच्याच नावावर. मधेच हप्ता चुकला की जागा गेली, त्यावर तुम्ही बांधलेलं घरही गेलं, आणि तीच जागा पुढच्या कुटुंबाला. कित्येक वर्षं हे असंच चाललं, मग १९९५ मध्ये टेक्सासने कायदा करून खरेदीदाराला काही संरक्षण दिलं.

ती घरं बघण्यासारखी आहेत. आधी ट्रेलर, मग त्याला चिकटून एक खोली विटांची, पुढच्या वर्षी दुसरी, छताला सळया वर काढून ठेवलेल्या, पुढे मजला चढवायचा म्हणून. रविवारी सगळे मेहुणे-साडू येऊन स्लॅब टाकणार, कार्ने असादाचा (भाजलेल्या मांसाचा) धूर. पंधरा वर्षांत कर्जाशिवाय पक्कं घर. पण त्याचं मूल्यांकन बँकेला करताच येत नाही, परमिट नाही, आजूबाजूला तुलनेला घर नाही. मालकाच्या दृष्टीनं आयुष्याची कमाई, बँकेच्या दृष्टीनं शून्य.

प्रकार संपलाय असं समजू नका. ह्यूस्टनच्या ईशान्येला लिबर्टी काउंटीत एका प्रचंड मोठ्या वसाहतीच्या डेव्हलपरवर २०२३ च्या डिसेंबरात केंद्राच्या न्याय खात्याने आणि ग्राहक संरक्षण ब्युरोने दावा लावला. आरोप असा की जाहिराती सगळ्या स्पॅनिशमधून, कागदपत्रं इंग्रजीत, डेव्हलपरचंच कर्ज, उत्पन्न न तपासताच चढ्या व्याजानं दिलेलं, हप्ते थकले की प्लॉट ताब्यात.

स्पष्टवक्ता_७८

हे माहीत नव्हतं. होमस्टेडचं तर अजिबातच नव्हतं. पण तरीही म्हणतो, इंग्रजी न वाचता सही करणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? आपण सगळे आलो तेव्हा कोण होतं आपलं इथे?

सानिका_जर्सी

आपण आलो तेव्हा हातात इंजिनीअरिंगची डिग्री आणि एच-१बी होतं हो दादा. तो सर्व्हे बंड्यानं अर्धाच दिलाय, त्यात एशियन कुटुंबांचा मधला आकडा ५ लाख ३६ हजार आहे. तो आपल्या काटकसरीमुळे नाही, व्हिसानंच गाळून आणलेले लोक आहोत आपण. रामदासपेठेतल्या डॉक्टरच्या मुलाची नि ग्वानाह्वातोच्या शेतमजुराची शर्यत लावून निकालाचं कौतुक काय करायचं.

दुसरं म्हणजे लॅटिनो लॅटिनो म्हणून एकच गठ्ठा बांधताय सगळे. आमच्याकडे युनियन सिटीत क्यूबन, हडसनच्या पलीकडे वॉशिंग्टन हाइट्सला डॉमिनिकन, ब्राँक्सला पोर्टो रिकन. पोर्टो रिकन तर १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना व्हिसाचा प्रश्नच नाही, तरी त्यांच्यात स्वतःचं घर असणारे कमीच, न्यू यॉर्कचं भाडं हे कारण असावं. उलट मायामीचे क्यूबन बघा. साठच्या दशकात कॅस्ट्रोपासून पळून आलेले, सरकारनं हात दिला, रेफ्युजी प्रोग्रॅम, कागदपत्रांचा मार्ग मोकळा. आणि मायामीत रिपब्लिक नॅशनल बँक होती तिथे क्यूबन अधिकारी लोकांना नुसत्या ओळखीवर धंद्याला कर्ज द्यायचे, हवानात याचं दुकान होतं, माणूस सचोटीचा आहे, द्या. कॅरेक्टर लोन असंच नाव होतं त्याला. तेच तर काकांच्या तांद्यात होतं ना, फक्त इथे ते बँकेच्या टेबलावर झालं. मायामीचं पुढे काय झालं ते दिसतंच आहे.

इतिहासप्रेमी

अवांतर वाटेल पण नाहीये. मेक्सिकन मजुराच्या बचतीवर सरकारी हात पडल्याचं एक जुनं उदाहरण आहे, ब्रासेरो. १९४२ ते १९६४ अमेरिकेनं करार करून मेक्सिकोतून शेतीला आणि रेल्वेला मजूर आणले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या पगारातून १० टक्के कापून ठेवायचे, परत गेल्यावर मिळतील म्हणून. मेक्सिकोतल्या बँकांत रक्कम गेली आणि बहुतेकांना कधी दिसलीच नाही, म्हातारपणी मोर्चे काढून, कोर्टात भांडून काहींना थोडंफार मिळालं. ज्याच्या आजोबाचं हे झालं तो नातू पैसे बँकेऐवजी घरात का ठेवतो याचं आश्चर्य वाटायला नको.

लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्सला १९३९ मध्ये सरकारी गृहकर्ज नकाशात लाल रंग दिला होता, कारण तिथे मेक्सिकन, ज्यू, जपानी सगळे मिसळून राहत होते. लाल म्हणजे कर्ज देणं धोक्याचं. आणि जवळच चावेझ रव्हीनला मेक्सिकन कुटुंबांची स्वतःची घरं होती, ती पन्नासच्या दशकात सरकारी घरकुलांसाठी म्हणून रिकामी केली, घरकुलं झालीच नाहीत, १९६२ ला त्या जागी डॉजर स्टेडियम उघडलं.

आता भारतीय धागा. इम्पीरियल व्हॅलीत शंभर वर्षांपूर्वी पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानं ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घेता येत नव्हती, भारतीयांना नागरिक होता येत नाही असं ठरवणाऱ्या १९२३ च्या थिंड निकालानं भारतीय त्यात पक्के बसले. मग जमिनी कुणाच्या नावावर? इथे जन्मलेल्या पोरांच्या. आज कागद नसलेले आईबाप नागरिक असलेल्या मोठ्या मुलीच्या नावावर घर घेतात, तोच प्रकार.

कर्जवाले_काका

इतिहासप्रेमी, नेमकं बोललात. मुलीच्या नावावर घर हे मी आठवड्याला एक तरी बघतो. मुलगी २२ वर्षांची, कर्ज तिच्या पगारावर, हप्ता सगळे मिळून भरतात, खाली आईबाप, वर काका, गराजमध्ये चुलत भाऊ. चार पगार घरात येतात पण कर्जावर सही एकटीची म्हणून मोजला जातो फक्त तिचा. त्यामुळे परवडतं त्यापेक्षा लहान घर मिळतं. आणि पाच वर्षांनी तिचं लग्न ठरलं, तिला नवऱ्याबरोबर दुसरं घर घ्यायचं, तर तिच्या डोक्यावर हे कर्ज आधीच आहे. भांडणं होतात हो, वाईट होतात. घर कुणाचं? कागदावर तिचं, घामानं बापाचं.

त्यात मृत्युपत्र कुणी करत नाही. बाप गेला, घर सहा पोरांचं, दोघं मेक्सिकोत, एकाचा पत्ता नाही. टायटल (मालकीचा कागद) अडकतं. टेक्सासमध्ये वारसांचं ॲफिडेव्हिट करून पुढे जाता येतं बऱ्याच वेळा, पण तोवर ना दुरुस्तीसाठी कर्ज मिळतं ना वादळानंतरची मदत सरळ मिळते. पुढच्या पिढीकडे जाणारी एकमेव मोठी गोष्ट अशी लोंबकळत राहते. मी हल्ली प्रत्येक क्लोजिंगला (घराच्या व्यवहाराच्या शेवटच्या सह्यांना) सांगतो, चावी घेतलीत ना, आता पुढच्या आठवड्यात वकिलाकडे जाऊन विल करा. ऐकणारे थोडे. मराठी गिऱ्हाइकंही ऐकत नाहीत, "अहो अशुभ कशाला बोलता".

ओकलंडची_ओवी

तांद्याचा कागद नसतो म्हणालात, त्यावर एक फार छान तोडगा इथे सॅन फ्रान्सिस्कोत निघालाय. मिशन डिस्ट्रिक्टमध्ये २००७ मध्ये मिशन ॲसेट फंड नावाची ना-नफा संस्था सुरू झाली, होसे किन्योनेस तिचे संस्थापक, २०१६ ला त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कल्पना अगदी साधी: लोक तांदा चालवतातच आहेत तर चालवू द्या, आपण मधे बसून प्रत्येकाकडून कर्जाच्या कागदावर सही घ्यायची, बिनव्याजी, आणि महिन्याचा हप्ता भरला की क्रेडिट ब्युरोला कळवायचं. बास. जी बाई आयुष्यभर वेळेवर तांदा भरत आली तिचा पहिल्यांदाच क्रेडिट स्कोअर तयार होतो.

मी तिथे काही महिने व्हॉलंटियर होते. गोल करून बसायचे सगळे, कुणाला आधी गरज आहे ते आपसात बोलून नंबर ठरवायचे. एकीला डीएसीएची (लहानपणी कागदांशिवाय आणलेल्या मुलांना तात्पुरतं राहू देणाऱ्या योजनेची) फी भरायची होती म्हणून तिला पहिला दिला, जिचा पहिला होता ती म्हणाली माझा फ्रिज थांबेल. लोकांना शिकवण्यापेक्षा ते करतायत ते मोजा, हा दृष्टिकोन मला आवडला. फायनान्शियल लिटरसीच्या नावाखाली शनिवारी सकाळी पॉवरपॉइंट दाखवणाऱ्या संस्थांचा मला मनापासून कंटाळा आहे. बजेट कसं करावं हे आठवड्याला सहाशे डॉलरमध्ये पाच माणसं जगवणारीला कोण सांगणार?

रिकामटेकडी

ओवी +१००. आमच्याकडच्या भिशीवाल्या बायकांना पण कुणीतरी असं मोजा रे.

फिरस्ता

धंद्याचं कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. अमेरिकेत नोकर ठेवणारे लॅटिनो मालकीचे धंदे २०२२ मध्ये साडेचार लाखांवर गेले होते, एकटा-दुकटा चालवणारे तर कित्येक पटीनं जास्त.

मिचोआकान राज्यात तोकुंबो नावाचं छोटंसं गाव आहे, मी गेलोय, गावाच्या वेशीवर कमानीऐवजी भलामोठा आइस्क्रीमचा पुतळा. मेक्सिकोभर आणि आता अमेरिकेतही 'ला मिचोआकाना' नावाची पालेता म्हणजे फळांच्या कुल्फीकांड्यांची दुकानं दिसतात त्यांचं मूळ हे गाव. एकाच कंपनीची साखळी नाही बरं का, गावातला एक जण शहरात जाऊन दुकान काढतो, मेहुण्याला बोलावून शिकवतो, उधारीवर दुसरं दुकान काढून देतो, मेहुणा पुढे भाच्याला. आंबा-मिरची, चिंच, कलिंगड, सगळ्या चवी आपल्या जिभेच्या. नावावरून मात्र आपसात ट्रेडमार्कची भांडणं झालीत, कारण सुरुवातीला कुणी नोंदवलंच नव्हतं. परत तेच, धंदा आहे, कागद नाही.

आणि ह्यूस्टनकरांनी नीन्फा लॉरेन्झोंचं नाव घेतलं नाही? नवरा वारलेला, पाच पोरं, तोर्तियाचा कारखाना डबघाईला आलेला, तर १९७३ मध्ये त्याच कारखान्याच्या पुढच्या भागात नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर दहा टेबलं टाकून बाईंनी हॉटेल काढलं. आज फहिता म्हणून जे आपण चरचरत्या तव्यावर मागवतो ते अमेरिकेत पसरवण्यात त्या हॉटेलचा मोठा वाटा.

स्पष्टवक्ता_७८

फिरस्ता, नॅव्हिगेशनला जेवलोय, खतरनाक.

बरं, सगळं मान्य करून एक प्रश्न. एवढं सगळं घरातच अडकवणं बरं का? २००८ ला घरांचे भाव कोसळले तेव्हा काय झालं सगळ्यांनी पाहिलं. शेअर, रिटायरमेंट अकाउंट, काहीच नाही. घर पडलं की सगळंच पडलं.

ह्यूस्टनकर_बंड्या

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. प्यू रिसर्चचा अभ्यास आहे, २००५ ला लॅटिनो कुटुंबाची मधली संपत्ती १८,३५९ डॉलर होती ती २००९ ला ६,३२५ झाली, म्हणजे दोन तृतीयांश साफ. गोऱ्यांची त्याच काळात १६ टक्के घटली. संपत्ती म्हणजे घर, आणि घरं नेमकी कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा, फ्लोरिडात, जिथे फुगा सगळ्यात मोठा होता.

पण त्यातही पुढे काय निघालं ते बघा. चांगलं क्रेडिट असलेल्या लॅटिनो आणि कृष्णवर्णीय लोकांनाही मुद्दाम महागड्या सबप्राइम कर्जात ढकललं, जास्त फी लावली, असा आरोप न्याय खात्याने कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीवर ठेवला आणि २०११ मध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलरला तडजोड झाली, दोन लाखांवर कर्जदार होते त्यात. म्हणजे घरात पैसा घालणं हा निर्णय चुकीचा होता की ज्या कर्जानं घर घेतलं ते कर्ज चुकीचं होतं? मला दुसरं जास्त वाटतं. रिटायरमेंटचं म्हणाल तर रूफिंग क्रूला ४०१के (मालकामार्फतचं निवृत्तीचं खातं) कोण देणार? टेक्सासमध्ये खाजगी मालकाला वर्कर्स कॉम्पसुद्धा (कामावर जखमी झाल्यास मिळणारा विमा) सक्तीचं नाही, पोरगा छपरावरून पडला तर दवाखान्याचा खर्च तांद्यातून.

सानिका_जर्सी

आणि गावी पाठवायचे पैसे? ते कुणीच धरत नाहीये. मेक्सिकोत २०२४ मध्ये बाहेरून ६४ अब्ज डॉलरच्या वर पैसे गेले, बहुतेक सगळे अमेरिकेतून. ती पण संपत्तीच आहे, फक्त बांधली जाते तिकडे, इथल्या सर्व्हेत बहुधा पूर्ण येतही नसणार. आता २०२६ पासून रोखीनं पाठवलेल्या पैशांवर १ टक्का टॅक्स लागलाय. बँक अकाउंटवरून पाठवले तर नाही. म्हणजे ज्याचं अकाउंट नाही त्यालाच.

कर्जवाले_काका

सध्याची परिस्थिती विचाराल तर धंदा गार आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयआरएस आणि इमिग्रेशन खात्यात माहिती देण्याघेण्याचा करार झाला, पुढे तो कोर्टात गेला ते सोडा, पण भीती बसायची ती बसली. आयटिन रिन्यू करायलाच लोक कचरतात, मग रिटर्न नाही, मग माझ्याकडे येण्याचा प्रश्नच नाही. इतकी वर्षं आम्हीच सांगत होतो, टॅक्स भरा, कागद ठेवा, उपयोगाला येईल. आता तोच कागद त्यांना दारावर आणून पोचवेल की काय असं वाटतंय लोकांना, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं मला सुचत नाही. साइटवर माणसं येत नाहीत म्हणून बिल्डर रखडलेत. पैसा परत गादीखाली.

आणि २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज (सरकारी हमीचं, कमी डाऊन पेमेंटचं) फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. डीएसीएच्या मुलांना २०२१ पासून मिळत होतं, ते बंद. साडेतीन टक्के डाऊन पेमेंटवर पहिलं घर घेणारी शिक्षिका, नर्स अशी मुलं होती माझी. इथले एच-१बीवाले पण त्याच नियमात बाहेर गेले बरं का, कित्येकांना अजून माहीत नाही.

नवाच_आलोय

काका, शेवटचं वाचून घाबरलो. मी ऑस्टिनला, एच-१बीवर, दोन वर्षं झाली, एजंट म्हणाला एफएचए करू. म्हणजे आता घरच नाही का घेता येणार?

कर्जवाले_काका

घाबरू नका, एजंट बदला. एफएचए बंद आहे, कन्व्हेन्शनल (सरकारी हमीशिवायचं) चालू आहे, फॅनी-फ्रेडीचं कर्ज वैध व्हिसावाल्याला नागरिकाच्याच अटींवर मिळतं, स्कोअर बरा असेल तर ५ टक्क्यांतही होतं. आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), पासपोर्ट, दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे दाखले), शेवटच्या दोन पे-स्लिपा आणि दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट काढून ठेवा. व्हिसा सहा महिन्यांत संपत असेल तर एक्स्टेन्शनचा अर्ज केल्याचा पुरावाही लागेल. भारतातून वडील पैसे पाठवणार असतील तर आत्ताच मागवा, गिफ्ट लेटर घ्या, आणि पोचल्यावर अकाउंटला हात लावू नका. नवीन बांधकाम घेत असाल तर पहिल्या वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स नुसत्या प्लॉटवर लागलेला असतो, दुसऱ्या वर्षी घरासकट लागतो नि हप्ता एकदम चार-पाचशेनं वर जातो, तो हिशेब बिल्डरचा माणूस सांगणार नाही. होमस्टेडचा अर्ज राहायला गेल्या गेल्या भरा, लायसन्सवरचा पत्ता आधी बदलून घ्या. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.